गुरुजी कधी जाणार

मंगळवारी दुपारी बोटीचे मालक आणि मी बोटीवरून शिनाण्यांच्या, म्हणजे काळ्या शिंपल्यांच्या, गोणी उतरवत होतो, तेव्हा स्लाबेकोर्न बाईंचा फोन आला. या माझ्या बायकोच्या, मिनाच्या, महाविद्यालयातल्या शिक्षिका. एरवी तोडून बोलणाऱ्या बाई, पण त्यांना वाक्य पुरं करता येईना. मिना तिथला तास संपवून बाहेर पडली, डोकं दुखतंय म्हणून जिन्यावर बसली आणि तिथेच गेली. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

मालकांनी माझ्या हातातली गोणी काढून घेतली. "बस, मारिनुस."

"अजून निम्म्या राहिल्यात," मी म्हणालो.

"राहू देत. बस तू."

मिनाचं पदवीचं शेवटचं वर्ष होतं. चाळिशी उलटल्यावर ती ख्रिस्ती शाळांच्या शिक्षकांचं शिक्षण घ्यायला गेली. त्याआधी गावातल्या शाळेतच मदतनीस होती. पोरांची नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायची. चर्चच्या दारात बायका म्हणायच्या, "स्वतःची पोरं नाहीत, म्हणून सुचतं हे." मिना म्हणायची, "तुमच्या पोरांना सांभाळायचं तर शिकूनच घ्यायला हवं, बायांनो."

आमच्या शाळांत दिवसाची सुरुवात पवित्र शास्त्रातल्या गोष्टीने होते. गोष्ट वाचायची नसते, सांगायची असते. हातात पुस्तक नाही, पोरांच्या डोळ्यांत बघून सांगायची. महाविद्यालयात गणित, भाषा सगळं शिकवतात, पण माणूस शिक्षक झाला की नाही ते गोष्टीवरून ठरतं. स्लाबेकोर्न बाईंचं म्हणणं असं की गोष्ट दाराशी आणून थांबवावी. पोरांना जरा दाराबाहेर ताटकळू द्यावं. आणि ज्याने त्यांना दाराशी आणलं, त्यानेच दार उघडायचं.

मिना सराव माझ्यावर करायची. बटाटे सोलता सोलता सांगायची. मी दिवसभर बोटीवर राबलेला, मला डुलकी लागायची.

"तू झोपलास म्हणजे वर्ग झोपला," ती म्हणायची.

"मी काय सात वर्षांचा आहे?"

"त्याहून वाईट आहेस. ती निदान चुळबुळ तरी करतात. ऊठ, परत पहिल्यापासून सांगते."

शेवटची परीक्षा म्हणजे गावातल्या शाळेत दुसरीच्या वर्गाला एक गोष्ट दोन भागांत सांगायची होती. पहिला भाग सोमवारी, दुसरा गुरुवारी, आणि गुरुवारी स्लाबेकोर्न बाई मागच्या बाकावर बसून ऐकणार होत्या. तिला मिळालेली गोष्ट एका अधिकाऱ्याच्या मुलीची होती. मुलगी आजारी पडते. बाप प्रभूला बोलवायला धावतो. दोघं वाटेत असताना घरून निरोप येतो की पोर गेली, आता गुरुजींना उगीच कशाला दमवता. तरी गुरुजी चालत राहतात. घराच्या दाराशी येतात. तिथे मिना सोमवारी थांबली. घरी येऊन म्हणाली, "नेल्ये बाकावर चढून उभी राहिली रे. तिला शेवट माहीत आहे, प्रभू हात धरतात आणि पोर उठून बसते, आजीने सांगितलाय. तरी चढली."

मिना बरोबर जागी थांबली होती. परीक्षेत तेच बघतात.

आमच्या भाषेत शाळेतल्या शिक्षकाला आणि प्रभूला एकच शब्द आहे, गुरुजी. मोठ्या माणसांचा कधी गोंधळ होत नाही.

बुधवारी सकाळी मुख्याध्यापक दुसरीच्या वर्गात गेले. त्यांचं नाव क्राइन, पोरं त्यांना क्राइन गुरुजी म्हणतात. त्यांनी पोरांना सांगितलं की मिनाबाई वारल्या.  मग नेल्येने हात वर केला.

"गुरुजी, मग तुम्ही कधी जाणार?"

"कुठे जाऊ, बाळ?"

"बाईंच्या घरी. हात धरायला."

हे क्राइननी मला स्वतः सांगितलं, शुक्रवारी. मिना पुढच्या खोलीत पेटीत होती, पडदे ओढलेले होते. गाव येत होतं, कॉफी पीत होतं, जात होतं. क्राइन आल्यापासून टोपी हातात फिरवत उभे होते. म्हणाले, "पोर वाट बघत होती, मारिनुस. मी आपलं म्हणालो, जाईन, भेटायला जाईन. दुसरं काय म्हणणार? रीतच आहे ती. पण नेल्येने वर्गभर सांगितलं."

"काय सांगितलं?"

"बाहेर बघा."

मी पडदा बोटभर सरकवला. फाटकापाशी दुसरीचा वर्ग उभा होता. सगळा नाही, पण बराचसा. काहींच्या आया मागे होत्या, त्यांना वाटलं असावं पोरं श्रद्धांजलीला आली आहेत. नेल्येच्या हातात मिनाची छत्री होती. ती शाळेत राहून गेली होती, बाहेर आल्यावर बाईंना लागेल म्हणून आणलेली.

"मागच्या दाराने जा," मी म्हणालो.

"सायकल पुढे आहे," क्राइन म्हणाले.

ते पुढच्या दारानेच गेले. एकटे. पोरांनी त्यांच्या मागे बघितलं, दार बंद झालं तसं परत त्यांच्याकडे बघितलं. नेल्ये काहीतरी म्हणाली, मला काचेतून ऐकू आलं नाही. क्राइन वाकून सायकलचं कुलूप काढत राहिले. ते कुलूप लावलेलं नव्हतं.

मिनाला पुरून झाल्यावर स्लाबेकोर्न बाई आल्या. कॉफी घेतली नाही.

"पदवीचं सोडून द्या," म्हणाल्या, "अर्ध्या परीक्षेवर ती देता येत नाही. मी भांडले. पण तो वर्ग दाराशी उभा आहे. क्राइन तयार नाहीत. माझ्या दुसऱ्या विद्यार्थिनींना विचारलं, त्या रडतात. मी स्वतः गेले असते, पण मी त्यांना परकी. तुम्हाला मिनाची गोष्ट शब्दन् शब्द माहीत आहे."

"मी शिनाणी काढणारा माणूस, बाई."

"तुम्ही ऐकलीय तिची."

मी गेलो. रविवारचा कोट घालून गेलो. क्राइन दाराजवळ उभे राहिले. पोरांनी मला मिनाची खुर्ची दिली, ती मला लहान होती. मी बापापासून सुरुवात केली, निरोपापर्यंत आलो, दारापर्यंत आलो. पोरं चुळबुळ करत नव्हती. मग मी दार उघडलं, गुरुजींना आत नेलं, आणि म्हणालो, त्यांनी तिचा हात धरला.

पुढे एकच वाक्य होतं. मला पाठ होतं. पण मीही आठवडाभर पुढच्या खोलीत मिनाचा हात धरून बसलो होतो.

"मग?" नेल्ये उभी राहून म्हणाली.

मी कोटाची बटणं सोडली. तिने परत विचारलं, "मग काय झालं?"

"हात थंड होता," मी म्हणालो.

कोणी रडलं नाही. नेल्ये खाली बसली. क्राइन पुढे आले आणि त्यांनी स्तोत्र सुरू केलं, पोरं त्यांच्या मागोमाग गायली, सवयीने. ते संपेपर्यंत मी कोटाची बटणं लावत होतो.

दाराबाहेर क्राइन म्हणाले, "तुम्हाला दोष नाही."

"शेवट सांगा त्यांना," मी म्हणालो. "तुमचं काम आहे ते."

"कोणत्या तोंडाने सांगू? मी तुमच्या घरून एकटा बाहेर आलेला त्यांनी बघितलाय."

"मग पाद्रीसाहेबांना सांगा."

"विचारलं. ते म्हणतात, पोरं मोठी झाल्यावर आपोआप कळेल."

मला कळलेलं नाही, आणि माझं वय पन्नासच्या पुढे आहे. 

दुसऱ्या दिवसापासून वर्गाने पुढची गोष्ट घेतली. नवीन बाई आल्या आहेत, चांगल्या आहेत असं म्हणतात, हातात कागद धरून सांगतात. मी परत बोटीवर जायला लागलो. नेल्ये रस्त्यात भेटते तेव्हा नमस्कार करते, काही विचारत नाही.

मिनाने सुरू केलेली गोष्ट दुसरीच्या वर्गाला अजून कोणी पुरी सांगितलेली नाही.