घरचं मूठभर बी

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. प्रतिमाबाईंच्या तोंडी लागू नका, असं आमचे पाळकसाहेबसुद्धा हसत हसत म्हणतात. ते राजकुमार साहेब, आमच्या चर्चचे पाळक आणि शाळेचे प्रमुखही. तर अशी मी.

संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आमची चर्चची शाळा आहे. चौथीपर्यंत, ऐंशी लेकरं. ख्रिस्ती घरं गावात पाच-सहाच, बाकी सगळी शेतकऱ्यांची पोरं. मी इथे शिकवते; मूळची बुलडाण्याची, वडील कचेरीत कारकून. आमच्या घरची शेती म्हणजे गॅलरीतली तुळस.

शाळा उघडली की पहिल्या शनिवारी आमच्याकडे बियांचा दिवस असतो. प्रत्येक लेकरानं घरून मूठभर बी आणायचं आणि चर्चमधल्या मोठ्या परातीत ओतायचं. पाळकसाहेब त्यावर प्रार्थना करतात. मग तेच बी मुलांच्या हातावर द्यायचं आणि मुलांनी ते कुंपणालगतच्या वाफ्यांत लावायचं. नियम एकच, विकतचं बी नको. "घरचं बी म्हणजे घरातलं माणूसच आलं शाळेत," असं साहेब म्हणतात.

पण मागच्या वर्षी परातीचा तळ दिसत होता. फोटोत ते इतकं भिकार दिसलं की माझा जीव जळला. यंदा सगळी तयारी माझ्याकडे होती. शुक्रवारी संग्रामपुरातल्या एका दुकानातून मी अर्धा किलो भुईमुगाचं बी घेतलं. छान गुलाबी-लाल रंगाचं होतं. दुकानदार म्हणाला, "औषध लावूनच हाये मॅडम, काई टेन्शन नाई." मी फोनवर कोणाशी तरी भांडत होते. हो हो म्हटलं, पुडी पर्समध्ये टाकली आणि निघाले. शनिवारी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये जाऊन ते परातीत ओतलं आणि रिकामी पुडी पुन्हा पर्समध्ये कोंबली. कोणी पाहिलं नाही. वर मुलांची चवळी, तूर, भेंडी, थोडा भुईमूगही पडला आणि परात कशी भरून आली!

प्रार्थना झाली, गाणं झालं. मी ओळीनं बी वाटायला लागले. पहिलीतली समता पुढे आली. शाळेत येऊन तिला जेमतेम चार दिवस झाले होते. तिनं डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवून हात पुढे केला. मी त्यावर सात-आठ दाणे ठेवले, नेमके सगळे भुईमुगाचे. तिनं हात कपाळाला लावला. मला मेलीला कौतुक वाटलं! किती गोड पोर, म्हटलं, आणि पुढच्या मुलाकडे वळले.

वाफ्यांपाशी गोंधळ चालला होता. मी कोणाला तरी ओरडत होते, पाय काढ वाफ्यातून म्हणून. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या तानाबाईचा आवाज आला.

"बाई, इकडे या वं! या पोट्टीनं बी खाल्लं!"

समता खड्ड्याशी उभी होती. हात रिकामे, ओठ लाल.

"काऊन खाल्लं वं माय?" तानाबाई तिला विचारत होती.

"परसाद खाली सांडाचा नसते," समता म्हणाली. "आजी म्हनते. पाप लागते."

मी तिच्या अंगावर गेले. "प्रसाद? अगं, बी आहे ते! सगळी पोरं मातीत टाकतायत, दिसत नाही का तुला? डोळे आहेत की बटणं?" ती रडायला लागली. तिच्या ओठावरचा रंग मी बोटानं पुसला आणि माझं लक्ष माझ्याच तळहाताकडे गेलं. बी वाटून वाटून तोही लाल झाला होता. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, दुकानदाराचा शब्द कानात शिरला. औषध. औषध म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. इथे विहिरीवर, बांधावर, मरणाच्या बातमीत तोच शब्द असतो. औषध मारलं, औषध प्यायला.

"टाका सगळ्यांनी हातातलं!" मी किंचाळले. "तोंडात घालू नका! हात धुवा आधी!" बाकीच्या कोणी खाल्लं नव्हतं. तानाबाईनं एकेकाचं तोंड उघडून पाहिलं. तोवर समता पोट धरून खाली बसली आणि ओकली.

पाळकसाहेबांनी गाडी काढली. मी समताला मांडीवर घेऊन मागे बसले. ती पुन्हा ओकली, माझ्या साडीवर, आणि मग तिची मान माझ्या दंडावर कलंडली. देवा, मरू देऊ नकोस, एवढंच मी म्हणत होते. कुठल्या देवाला, ते मला आठवत नाही.

"हे औषधाचं बी आलं कोणाकडून?" साहेबांनी आरशातून विचारलं.

आणि मी काय म्हणावं? "काय सांगायचं साहेब, लोकांना अक्कल नाही. लेकरांच्या हाती औषध लावलेलं बी देतात!" इतक्या ठसक्यात म्हणाले की क्षणभर मलाच खरं वाटलं.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी तिला आत घेतलं. पंधरा मिनिटांत तिचे आजोबा, पुंजाजी, कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आले. धोतराला माती, पायात चप्पल नाही. आईबाप कामाला सुरतेला असतात, पोर आजी-आजोबांजवळच वाढते. पाळकसाहेबांनी त्यांना हळू आवाजात सांगितलं, कोणाच्या तरी घरून औषधाचं बी आलं असावं.

पुंजाजी मटकन खाली बसले. "भुईमूग होता काय?"

"हो."

"मंग तो मायाच घरचा." त्यांचा आवाज पार खोल गेला. "पेरनी लांबली, काल संध्याकाळी म्या बियाले औषध लावलं. सकाळी पोरीनं बी मांगतलं. म्या साध्या पोत्यातलं देलं, साध्याच पोत्यातलं... पन हात धुतले होते काय म्या? का त्याच पोत्यात हात घातला?" ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग एकदम भिंतीवर डोकं आपटलं. "म्याच मारलं माया लेकराले!"

पाळकसाहेबांनी त्यांना धरलं. मी समोरच्या बाकावर होते. मांडीवर पर्स, पर्समध्ये पुडी, पुडीवर दुकानाचा शिक्का. सांग, सांग, असं आतून कोणीतरी ढोसत होतं. पण मी पर्स आणखी घट्ट धरली. पोर मेली तर? पोलीस येतील. नोकरी जाईल. बुलडाण्यात बाबा कोणाला तोंड दाखवतील? आणि खरं सांगते, मनात असंही आलं की म्हाताऱ्याच्या बियालाही औषध होतंच, मग त्याचंच नसेल कशावरून! समोर म्हातारा कपाळ बडवत होता आणि मी हा हिशेब करत होते.

डॉक्टर बाहेर आले. "औषध कोणतं लावलं होतं, आजोबा?"

पुंजाजींनी नाव सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "ते फार जहाल आहे. त्याचा उतारा वेगळा, सुईवर सुई द्यावी लागते. पण पोरीचे डोळे, लाळ, काहीच तसं दिसत नाहीये मला. नक्की तेच ना? विनाकारण तो उतारा दिला तर एवढ्याशा जिवाला झेपणार नाही. आणि नाही दिला, आणि तेच असलं, तर..."

"तेच हाये," पुंजाजी म्हणाले. "माया हातानंच लावलं म्या."

डॉक्टर नर्सकडे वळले. "सुई भरून ठेवा."

"थांबा!" मी उभी राहिले. पर्स खाली पडली, सगळं सांडलं. त्यातून पुडी उचलून मी डॉक्टरांपुढे धरली. "ते बी यांचं नाही. माझं आहे. मी विकत आणलं. मीच परातीत टाकलं. मीच तिच्या हातावर ठेवलं."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. डॉक्टरांनी पुडी हिसकावली, दुकानाला फोन लावला. बुरशीचं औषध होतं. "हे त्या मानानं सौम्य," ते म्हणाले, "पण नाक-तोंड-श्वास बघत राहावं लागेल. ती सुई नको." आणि आत पळाले.

मग नुसतं बसणं. दारामागून भांड्याचा आवाज आला तरी मी अर्धवट उठायची. एकदा नर्स घाईनं बाहेर आली, तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. ती सलाईनची बाटली न्यायला आली होती. आत काय चाललंय, विचारायची माझी हिंमत नव्हती. पुंजाजीही विचारत नव्हते.

चारच्या सुमारास आम्हाला आत बोलावलं. समतानं डोळे उघडले होते. रंग उतरलेला, ओठ सुकलेले, पण आजोबांना ओळखून हात पुढे केला. मी कॉटच्या पायथ्याशी उभी राहून ढसाढसा रडले. पुंजाजींच्या पाया पडायला वाकले, तर ते मागे सरले.

"बाई," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "बी चुकून येते. मायाही हातून आलं असतं. त्याचं काई नाई. पन मी तिथी भितीले डोकं आपटून राह्यलो होतो, आन् तुमी पाहून राह्यल्या होत्या. तवा काऊन नाई बोलल्या?"



"पानी," समता म्हणाली.

उशाशी पाण्याचा जग होता. मी घाईघाईनं पेला भरला आणि पुढे केला. पुंजाजींनी तो माझ्या हातून घेतला, बाजूला खिडकीत ठेवला. मग दुसरा पेला विसळला, स्वतः भरला आणि नातीच्या तोंडाला लावला.