रूळ मोजणारी साखळी

मी एक जुनी लोखंडी साखळी आहे, मित्रांनो. कुत्र्याला बांधायची नव्हे हं! नेब्रास्कातल्या एका तालुक्यात मी रेल्वेचे रूळ मोजायचे. सहासष्ट फूट लांब, शंभर कड्या, आणि रुबाब तर विचारूच नका.

आमच्याकडे गावच्या हद्दीत जेवढे रूळ भरतील, त्या हिशोबानं रेल्वेचा कर तिथल्या शाळेला मिळायचा. करअधिकारी कोलारसाहेब मला खडीवरून फरफटत न्यायचे आणि लांबी वहीत लिहून वर कळवायचे. "वीस वर्षांत ही एकदाही चुकली नाही," असं सगळ्यांना सांगायचे. मी फुगायचे. पण तेल? कधी नाही. तपासणी? छे! कड्या झिजत गेल्या, आणि मी गुपचूप वाढत गेले. साखळी लांब झाली की रूळ कमी भरतात. रेल्वेवाले खूश. मलाही गंमत वाटायची.

मंदीच्या त्या वर्षी व्हॉसबाईंच्या एका खोलीच्या शाळेला चौदा डॉलर कमी पडले. म्हणजे हिवाळ्याचा कोळसाच. बाईंनी पोरांना घेऊन रुळांखालच्या सारख्या अंतरावरच्या फळ्या मोजल्या आणि तडक ऑफिसात आल्या.

"कोलारसाहेब, आमचे रूळ जास्त भरतात."

"कशानं मोजले, बाई? पोरांच्या ढांगांनी?"

"फळ्या मोजल्या. दोनदा."

"वा! उद्या ढग पण मोजा! अहो, ही साखळी माझ्यापेक्षा खरी आहे."

"मग तिलाच एकदा मोजा की."

"साखळीला मोजू? मग तराजूलाही तोलू का?"

सगळं ऑफिस खो खो हसलं. मीपण हसले, मित्रांनो. खणखणून.

नोव्हेंबरात शाळेला कुलूप लागलं. सात मैलांवरच्या शाळेत जी पोरं गेली ती गेली, बाकीची शेतावरच राहिली. वर्गात आता गवताच्या पेंढ्या आहेत.

दोन वर्षांनी ऑफिसात पोलादी टेप आली. साहेबांनी सहज मला तिच्या शेजारी पसरलं. दीड फूट जास्त! साहेबांनी पुन्हा एकदा मोजून पाहिलं. मग मला गुंडाळून खालच्या खणात टाकलं. नव्या टेपनं रूळ बरोबर भरले. शाळेचा वाटा वाढला. घ्यायला शाळा नव्हती.

तेव्हापासून मी इथे गंजतेय. आता हसू येत नाही. मित्रांनो, तुमच्याकडेही कधीच न चुकणारी एखादी वस्तू असेल. तिचं कौतुक करा, पण तेलही घाला. आणि कुणी बाई दारात येऊन "एकदा मोजा" म्हणाली, तर हसू नका. मोजा.