आवाज काढून दाखवा

"आवाज काढून दाखवा," मशीनकाका म्हणाले.

समोरच्या बाईंनी आजूबाजूला पाहिलं. दुकानात दुसरं कुणी नाही याची खात्री केली आणि लाजत लाजत तोंडाने 'खट खट खर्र' असा आवाज काढला.

"खर्र शेवटी येतो की मध्येच?"

"मध्येच येतो हो."

"मग बॉबिनपाशी धागा अडकलाय. काळजी करू नका, सोमवारी घेऊन जा."

चौतीस वर्षं काका शिलाई मशीनं दुरुस्त करत होते, आणि गिऱ्हाइकाने तोंडाने आवाज काढून दाखवल्याशिवाय मशीनला हात लावत नव्हते. दुकानावरून जाताना आत प्राणिसंग्रहालय आहे असं वाटतं, असं त्यांची बायको म्हणायची.

असा तयार कानाचा माणूस, पण पोटच्या पोरीचं वाजवणं काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. लेक जॅझ गिटार वाजवायची. चालीतली गाणी वाजवायची तोवर ठीक होतं. गेली सात वर्षं मात्र तिने वेगळंच खूळ डोक्यात घेतलं होतं. ती आणि तिचा जोडीदार ड्रमवाला आधी काहीही न ठरवता तासतासभर वाजवायचे.

"काही ठरलेलंच नसतं, तर चुकलेलं कळतं कसं?" काकांनी एकदा विचारलं होतं.

"चुकलं तर त्यालाच धरून पुढे जायचं, बाबा. एकाने काहीतरी म्हणायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग बोलायचं."

"मी असं काम केलं तर लोक एका शर्टाला तीन बाह्या लावून हिंडतील."

लेक हसली होती. पण त्या दिवसापासून ती रियाजाला बसताना खोलीचं दार लावून घ्यायला लागली. काकांना ते लागलं.

आणि या खेपेला तिनेच होऊन बोलावलं. "रविवारी दुपारी आई आणि तुम्ही या. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आहे. पहिल्या रांगेत जागा ठेवते." काका हरखले. रिकाम्या हाताने कसं जायचं? देण्यासारखं त्यांच्याकडे होतं ते फक्त हातातलं कसब.

गिटारच्या तारा खाली ज्या पितळी पट्टीला अडकवलेल्या असतात, तिचा एक स्क्रू ढिला होता. जाड तार छेडली की मागून 'झर्रर्र' व्हायचं. सात वर्षं बंद दारातून तो आवाज ऐकून काकांचे हात शिवशिवत होते. शनिवारी लेक बाहेर गेल्यावर त्यांनी गिटारची पेटी उघडली, स्क्रू पिळला आणि वर कडक होणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडला. काम कसं झकास झालं.

रविवारी हॉलमध्ये तीसेक माणसं होती. सुरू करण्याआधी लेकीने जाड तार छेडली. पुन्हा छेडली. मग गिटार उलटीपालटी करून पाहिली आणि थेट पहिल्या रांगेपाशी आली.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"ढिला होता ना तो. आता जन्मात हलायचा नाही," काका छाती फुगवून म्हणाले.

लेकीचा चेहरा उतरला. "मीच ढिला ठेवला होता. तो माझा आवाज होता, बाबा. आमचं निम्मं वाजवणं त्याच्यावर उभं आहे." ती ओरडली नाही, तेच काकांना जड गेलं. "सात वर्षांत तुम्ही एकदा तरी नीट ऐकलंत का हो?"

ती वळून मंचावर गेली. काकांना अगदी कानकोंडं झालं. उठून जावं असं वाटलं. बायकोने मनगट धरलं. "आता तरी गप बसा, अहो."

वादन सुरू झालं. काका चाल शोधत राहिले. ती काही सापडेना. मग सवयीनेच ते मशीन ऐकावं तसं ऐकायला लागले. कोण कुणाला फिरवतंय? आत्ता ड्रम गिटारला ओढतोय. आता गिटार पुढे, ड्रम मागे. अरे, हे दोघं खरंच एकमेकांशी बोलताहेत की!

तेवढ्यात लेकीने जाड तार छेडली आणि हात थांबला. झर्रर्र यायच्या जागी काहीच आलं नाही. ड्रमवालाही थबकला. ती जागा पोरकी झाली, आणि ती आपण केली, हे काकांना कळलं.

अकलेआधी तोंड चाललं. "झर्रर्रर्र... टक्."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बायकोने डोळे वटारले. लेकीने मात्र झटकन मान वर केली. झर्र कुणालाही काढता आलं असतं. पण पट्टी थांबताना होणारं ते बारीकसं 'टक्' आपल्याशिवाय कुणाला ठाऊक असेल, असं तिला आजवर वाटलंच नव्हतं. दाराबाहेर उभं राहून रोज ऐकणाऱ्यालाच ते माहीत असणार.

तिने दोन हलके सूर दिले, हाकेला ओ द्यावी तसे. ड्रमवाला गालात हसत पाठोपाठ आला. तिने पुन्हा तार छेडली, बापाकडे पाहिलं आणि जागा सोडली. काकांनी ती भरली, या वेळी थोडक्यात. डोळे वाहत होते. ते पुसायचं भान कुणाला?

तिसऱ्यांदा तार वाजली. लेक थांबली, पाहत राहिली. काकांचे ओठ पुढे आले. पण तारेचा आवाज अजून संपला नव्हता. तो बारीक होत खिडकीकडे निघाला होता, आणि त्यात भर घालण्यासारखं काही नव्हतं. काकांनी गोंदाचा डाग पडलेला हात तोंडावर ठेवला.

आवाज संपला. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. काकांनी हात काढला नाही. लेकीने त्यांच्याकडे बघून हळूच मान डोलावली.