कमरेएवढा फाळका

गाडी बघायला गेली तेव्हा बर्नडेटने इंजिनाचं विचारलं नाही, किती चालली तेही विचारलं नाही. ती सरळ मागच्या बाजूला गेली, पदर खोचला आणि फाळक्याला कंबर टेकवून उभी राहिली. फाळका बरोबर कमरेच्या हाडाला लागला.

"हीच घेऊ," ती म्हणाली.

शेनला, तिच्या लेकाला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मम्मी, लोक बघतायत."

"बघू दे. पाटी त्यांना न्हाय उचलायची."

पालघरकडच्या एका ठेकेदाराची ती वापरलेली पिकअप होती, फोर बाय फोर. उत्तनच्या रेतीत साधी गाडी रुतते, म्हणून चारही चाकं ओढणारी हवी होती. नवरा मायकेल गेला, होडी विकली आणि होडीच्या जागी ही गाडी दारात आली. बर्नडेटने होडीचंच नाव गाडीच्या कपाळावर रंगवून घेतलं: दर्याची राणी. पेंटरने र जरा वाकडा काढला होता. होडीवरही तो तसाच होता, म्हणून तिने सुधारू दिला नाही.

रोज सकाळी सहा बायका बंदरावर लिलावात मासळी घ्यायच्या आणि या गाडीने भाईंदर पूर्वेच्या बाजारात जायच्या. भरलेला टब चढवायची त्यांची एक रीत होती. दोघींनी कडा धरायच्या. जमिनीवरून टब गुडघ्यावर, गुडघ्यावरून मांडीवर, मांडीवरून कमरेवर आणि कमरेवरून फाळक्यावर. बाईच्या अंगालाच पायऱ्या असतात, त्या चढत बोंबील वर जायचे, मांदेली वर जायची, बर्फाचं पाणी पायावर सांडत राहायचं. मग मागच्या बंपरवर पाय, फाळक्यावर गुडघा, की बाई आत. कुणा पुरुषाला हाक मारावी लागत नव्हती. गाडी चालवायला शेन पुढे असायचा, तेवढाच.

डोंगरीचा चढ लागला की बायका गायच्या. लग्नात नवऱ्याच्या आईला चिडवायला जागच्या जागी गाणं जोडतात, तशी त्यांची जीभ तयार. बर्नडेटने एक जोडलं होतं, ते सगळ्यांच्या तोंडी बसलं:

लेकाची गो गाडी, माझ्या कमरेला फाळका
पाटी चढविते वर, जीव माझा हलका

आणि शेन आरसा फिरवून मागे बघायचा, हसायचा. तेव्हा हसायचा.

पहिली आली विंच. पुढच्या बंपरवर लोखंडी दोराचं रीळ. रविवारी चिखल तुडवायला जाणाऱ्या गाडीवाल्यांचा एक ग्रुप शेनला भेटला होता. घोडबंदरच्या पुढे कुठल्याशा बंद खाणीत ते गाड्या रुतवायचे आणि मग एकमेकांना ओढून काढायचे. "पैसे देऊन रुततात?" बर्नडेटने विचारलं होतं. पण विंचेचं तिला वावडं नव्हतं. त्या विंचेने जूनच्या आधी बंदरावरच्या चार होड्या वर ओढल्या, तेव्हा तिने स्वतः विंचेला हार घातला.

मग छतावर दिव्यांची पट्टी आली. मग इंजिनाला श्वास घ्यायला हत्तीच्या सोंडेसारखा काळा नळा आला. मग अख्ख्या गाडीला काळं, बिनचकाकीचं प्लास्टिकचं कातडं चढलं आणि त्याच्याखाली दर्याची राणी बुजली. बर्नडेटने बोट फिरवून पाहिलं. वाकडा र आतून हाताला लागत होता.

"आहे ना आत," शेन म्हणाला. "पुसलं थोडीच."

तिने बोट पदराला पुसलं.

मग शेन गुरुवारी घोडबंदरच्या हायवेवर गाड्या सजवणाऱ्या नीरजच्या दुकानात गाडी घेऊन गेला आणि शनिवारी परत आला, तेव्हा गाडी सहा इंच वर उचललेली होती, खाली पोटाएवढे टायर. मागचा बंपर कापून टाकला होता. चढावर घासतो म्हणे.

सोमवारी बर्नडेट आणि रेजिना यांनी टब धरला. गुडघा, मांडी, कंबर. आणि पुढे फाळका नव्हताच. फाळका छातीशी होता. कमरेपासून छातीपर्यंतची ती वीतभर वाट बाईच्या अंगात नसते. ती खांद्याने तोलावी लागते. टब कलला. बर्फ, पाणी आणि अर्धे बोंबील रेजिनाच्या अंगावरून खाली आले. रेजिनाचा उजवा खांदा त्या दिवशी जो धरला तो अजून सुटलेला नाही. वेणी घालायला ती सुनेपुढे बसते.

आठवडाभर शेनने टब उचलून दिले. मग कधी तो उशिरा उठला, कधी ग्रुपबरोबर गेला. महिन्याच्या शेवटी बायकांनी महिपतचा टेम्पो लावला. छोटा, ठेंगणा, धूर ओकणारा टेम्पो. पण फाळका मांडीएवढा. बर्नडेट दहा दिवस घरी बसली. अकराव्या दिवशी तीही टब घेऊन महिपतच्या टेम्पोपाशी उभी राहिली. तिला कडेची जागा मिळाली, स्टेपनीवर. टेम्पो तिच्याच दारावरून गेला. दारात तिचीच गाडी धुऊन पुसून उभी होती.

रेजिना चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिनेच गाणं पुढे नेलं:

लेकानं चढविली गाडी आभाळाच्या देशी
आय बसली गो खाली, टेम्पोच्या कडेशी

सगळ्या हसल्या. बर्नडेटही हसली. गाण्यात राग धरायचा नसतो. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

"उतरव ती खाली," तिने शेनला सांगितलं.

"मम्मी, खाली केली तर अँगल जातो, चढावर पुन्हा घासेल. सगळं वेस्ट."

"तुझा अँगल राहिला. रेजिनाचा खांदा गेला."

शेन मोबाइलवर होता. गाडीचे व्हिडिओ टाकायचा तो. बघणारे लोक विचारायचे, कुठल्या बदलाचा पस्तावा होतो, कुठला करावा. तो प्रत्येकाला उत्तर द्यायचा. मग मान वर करून म्हणाला, "थांब. तुझ्यासाठी करतो काहीतरी."

तुझ्यासाठी. हा शब्द तिने पदरात बांधून ठेवला.

पुढच्या शनिवारी फाळक्याखाली पायरी आली. रुंद, घडीची, खाली ओढली की दोन टप्पे उलगडायचे, वर जाळीदार पत्रा, ओल्या पायाने घसरू नये असा. बर्नडेटने पाय ठेवला. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, आणि फाळका पुन्हा कमरेला. तिने दोन्ही हात फाळक्यावर ठेवले आणि उगाच थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"उद्या व्हिडिओ करू," शेन म्हणाला. "मिस्सा झाली की."

रविवारी ती चर्चमधून चांगल्या झग्यात आली. शेन म्हणाला, "असं नको, लुगडं नेस. रोजच्यासारखं दिसलं पाहिजे." ती लुगडं नेसली. मोबाइल तिकाटण्यावर बसवला. ती रिकामा टब घेऊन चढली. "सावली पडतेय, परत." ती परत चढली. "आता बर्फ टाक, खरं वाटू दे." ती भरला टब घेऊन, एकटी, तिसऱ्यांदा चढली आणि वरून खाली बघून हसली. तसं हसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"मनातलं बोल."

"पायरी चांगली हाय," बर्नडेट म्हणाली. "माझ्या लेकानं बसविली. आता आम्ही बायका पुन्हा आमच्या गाडीतून जाणार."

दुपारी ती घरोघर गेली. आधी महिपतकडे. "उद्यापासून नको येऊ रे बाबा."

"नक्की ना मावशी? मग मी डोंगरीच्या भाजीवाल्याचं भाडं घेतो. तो कधीचा मागे लागलाय. पण एकदा त्याला हो बोललो तर तुम्हाला परत न्हाय जमणार."

"नक्की."

मग पाचही दारं. रेजिना अंगणात सुके बोंबील उलटत होती, डाव्या हाताने. "पाहिली तुझी पायरी," ती म्हणाली. "सुनेने मोबाइलात दाखविली. नटीसारखी हसत होतीस."

"उद्या तू पुढे बस. खांदा दुखणार न्हाय."

"पुढे? काचेतून दर्या बघत?" रेजिनाने बोंबील उलटला. "बरं वाटलं गो ऐकून. ते गाणं मी उगाच केलं."

घरी यायला संध्याकाळ झाली. शेन नव्हता, गाडीही नव्हती. डिझेल भरायला गेला असेल, ती समजली.

सोमवारी लिलाव लवकर उरकला. मासळी भरपूर होती आणि सहाही जणींनी नेहमीपेक्षा जास्त उचलली. गाडी मोठी, टेम्पोसारखी जागेची चणचण नाही. बंदरावरच्या क्रुसापाशी बारा टब ओळीने मांडले. गाडीचा आवाज आला तशी बर्नडेटने पदर खोचला.

गाडी वळली, मागे आली, थांबली. फाळक्याखाली चार भोकं होती.

"पायरी कुठाय?" तिने विचारलं.

शेन खाली उतरला. "ती नीरजची होती ना मम्मी. शूटसाठी दिलेली. काल संध्याकाळी सोडून आलो. बोललो नव्हतो का?"

"न्हाय."

"बोललो असेन." त्याने मोबाइल पुढे केला. "बघ पण, चाळीस हजार लोकांनी बघितलं. सगळे तुझंच विचारतायत. अजून थोडं चाललं की तो एक फ्री देईल कदाचित."

बर्फ वितळून टबांखाली ओल पसरत होती.

"महिपतला फोन लाव," एक जण हळूच म्हणाली.

"तो भाजीला गेला," रेजिना म्हणाली. तिने हे बर्नडेटकडे न बघता सांगितलं, आणि ते न बघणंच बर्नडेटला लागलं.

"अरे टेन्शन काय, मी आहे ना," शेन म्हणाला. त्याच्या दंडात बळ होतं. त्याने बाराही टब एकापाठोपाठ एक वर ठेवले. मग तो बायकांकडे वळला. पहिलीला त्याने काखेत हात घालून वर चढवलं. दुसरीला चढवलं. रेजिनाला चढवताना तिचं लुगडं गुडघ्याच्या वर सरकलं, रस्त्यावरचे दोन रिक्षावाले बघत होते, आणि दुखरा खांदा वर ओढला गेला तसा तिच्या तोंडून नुसता श्वास बाहेर आला. साठ वर्षांची बाई. हिने आयुष्यभर स्वतःची पाटी स्वतः चढवली होती.

शेवटी तो आईकडे आला. हात पुढे केले.

बर्नडेटने त्या हातांकडे पाहिलं. लहानपणी हेच हात तिच्या गळ्यात असायचे आणि ती एका कडेवर त्याला, दुसऱ्या कडेवर पाटी घेऊन होडीतून उतरायची. कंबर तेव्हाही हीच होती.

"माझे दोन टब खाली घे," ती म्हणाली.

"मम्मी, आता नाटक नको."

"खाली घे. आणि ह्यांना सांभाळून ने. उतरवताना हात हळू लाव. संध्याकाळी आणायला जा." मग बायकांकडे बघून, "उद्याचं माझ्या अंगावर न्हाय. उद्या ह्या त्यांचं बघतील."

गाडीतून कुणी 'ये' म्हटलं नाही. फाळका लावायला तिला टाचा उंचवाव्या लागल्या. गाडी डोंगरीच्या चढाला लागली. ती कान देऊन उभी राहिली, पण गाणं आलं नाही. चिडवायचं तरी गाणं यायला हवं होतं.

दोन टब तिने फरफटत रस्त्याच्या कडेला नेले आणि तिथेच बसली. गावातच मासळी विकायची म्हणजे अर्ध्या भावात. इथे घराघरात मासळी असते. दहाच्या सुमाराला मुंबईकडून समुद्र बघायला येणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. एक उंच केलेली जीप पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. काच खाली झाली. तिशीचा मुलगा, शेजारी बायको.

"आंटी, तुम्ही त्या व्हिडिओवाल्या ना? पायरीवाल्या? पराग म्हणतात मला, मी शेनला फॉलो करतो." तो खाली उतरला. "सेम लिफ्ट केलीय मी. खरं सांगा, ती पायरी वर्थ आहे का? घेऊ?"

"मासळी घ्या," ती म्हणाली. "ताजी हाय."

"नको, गाडीत वास बसतो," बायको आतून म्हणाली. वाईट बोलली नाही ती, सहज बोलली.

बर्नडेट गुडघ्यांवर हात ठेवून उठली. गाडीला वळसा घालून मागे गेली आणि कंबर टेकवायला उभी राहिली. लागला तो मागच्या दाराला टांगलेला टायर, चिखलाने भरलेला. मागची कड छातीशी होती. तिने तळहाताने ती कड एकदा चाचपली.

"घरी आई हाय?" तिने विचारलं.

"आई? आई गावाला असते. का?"

"काही न्हाय," ती म्हणाली. "मग ठीक हाय. पायरी नका घेऊ."

तो हसला आणि गाडीत बसला. बर्नडेट परत टबापाशी आली. वरचे बोंबील सुकायला लागले होते. तिने बादलीतलं पाणी ओंजळीने त्यांच्यावर शिंपडलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.