कॉफीच्या डब्यातल्या गोळ्या

खोटं बोलण्यात मी कच्चा आहे. कान लाल होतात, आवाज चढतो, आणि नको तेवढं बोलून बसतो. तरी दोन महिने दर गुरुवारी मी माझ्या सगळ्यात जुन्या मित्राशी तोंडावर खोटं बोललो आणि वर स्वतःला शहाणा समजत राहिलो.

आमच्या दुकानात खिळे, रंग, कुत्र्यांचं खाणं, बर्फ ओढायची फावडी असं सगळं मिळतं, आणि मागच्या बाजूला बंदुकांचं काउंटर आहे. तिथं मी सव्वीस वर्षं उभा आहे. पूर्वी लोक हरणाच्या शिकारीच्या लांब बंदुका न्यायचे. हल्ली तळहाताएवढी पिस्तुलं खपतात. बायका पर्समध्ये ठेवतात, म्हातारे कोटाच्या खिशात. ऑर्विल हाउगेन आणि त्याची बायको आयोन यांनी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला एकसारखी दोन घेतली होती. मी म्हटलं, "अरे कंजुषा, बायकोला अंगठी घे." तर आयोनच म्हणाली, "अंगठीनं डबे पडत नाहीत, मर्ल." रविवारी चर्च सुटलं की दोघं खडीच्या खाणीवर जायचे आणि बीन्सचे रिकामे डबे पाडायचे. ऑर्विल नेहमी हरायचा आणि गावभर सांगत फिरायचा.

या छोट्या पिस्तुलांना थ्री-एटी नावाची आखूड गोळी लागते. ती कारखाने आधीच कमी काढतात, त्यामुळे टंचाई आली की सगळ्यात आधी तीच गायब होते. पन्नास गोळ्यांचा डबा अठरा डॉलरवरून चव्वेचाळीसवर गेला, आणि तोही मिळाला तर. पिस्तूल एकदा घेतलं की संपलं असं वाटतं, पण तो पांढरा हत्ती आहे, पोसावा लागतो. ऑर्विल आणि आयोनची खाणीवरची फेरी महिन्यावर आली, मग थांबलीच. आणि ऑक्टोबरमध्ये आयोन गेली.

नोव्हेंबरात त्यांच्या मुलीचा, मार्नाचा, फार्गोहून दुकानात फोन आला. मार्ना रडकी नाही. ती जनावरांची डॉक्टर आहे.

"मर्लकाका, आजूबाजूला कोणी आहे का?"

"कुत्र्याची बिस्किटं आहेत फक्त. बोल."

"बाबांनी कुत्रा शेजाऱ्यांना देऊन टाकला. आईची काचेची भांडी मला आत्ताच ने म्हणतात. आणि पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर एक अक्षर लिहिलेलं नाही. डॉक्टरांची तारीखसुद्धा नाही."

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती मी उचललीसुद्धा नाही.

"पिस्तुलं मागितली तर म्हणाले, आईची आठवण आहे, देणार नाही. घरातल्या गोळ्या तेवढ्या मी गपचूप उचलून आणल्या. काका, ते तुमच्याकडे येतील. देऊ नका. आणि कोणाला सांगू नका. डेलोरेसकाकूंनाही नको. लोकांना कळलं असं बाबांना कळलं, तर ते घराबाहेरच पडणार नाहीत."

मी शब्द दिला. मी एवढा हादरलो होतो की काहीही दिलं असतं.

गुरुवारी ऑर्विल आलाच. काउंटरवर टोपी ठेवली आणि म्हणाला, "थ्री-एटीचा एक डबा दे. आयोनच्या नावानं खाणीवर चार डबे पाडावेत म्हणतो."

माझे कान तापले. "एक डबा? राजा आहेस की काय? कुठंच माल नाही! आणि आला तरी चव्वेचाळीस डॉलर! तुझ्या पेन्शनीत बसणार आहे का?"

मागं तीनचार गिऱ्हाइकं उभी होती. ऑर्विलनं टोपी घातली आणि गेला. पुढच्या गुरुवारी त्यानं चव्वेचाळीस डॉलर मोजून काउंटरवर ठेवले. मी ते परत सरकवले आणि आणखी मोठ्यानं ओरडलो. माल आला होता. निळे डबे मी बिस्किटांच्या खोक्यामागं लपवले होते. दीड तासावरच्या बिस्मार्क शहरात त्याला हव्या तेवढ्या गोळ्या मिळाल्या असत्या, या भीतीनं मला झोप लागेना. पण तो दर गुरुवारी माझ्याकडेच येत राहिला.

गावात बोभाटा झाला: मर्लनं जिवलग मित्राला एक डबा गोळ्या दिल्या नाहीत. बिचारा विधुर बायकोच्या नावानं चार डबे पाडू म्हणतो, आणि हा त्याला पेन्शनीवरून टोमणे मारतो. सगळ्यात जास्त भडकली ती माझी बायको, डेलोरेस.

"चाळीस वर्षं त्या घरच्या बटाट्याच्या पोळ्या खाल्ल्यास ना? लोणी लावून, साखर लावून?"

"खाल्ल्या."

"मग? खिशातून दे चव्वेचाळीस डॉलर!"

"मालच नाही."

"तुझे कान बघ आरशात," ती म्हणाली, आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला शब्द गिळावे लागले. वाटलं, चालेल, बोलणी खाऊ. ऑर्विल जिवंत आहे, तोवर चालेल.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं. जेवण संपत आलं, सगळे केकवर आले, तेवढ्यात डेलोरेस उठली आणि चमच्यानं कप वाजवला. तिच्या हातात लाल फीत बांधलेला कॉफीचा मोठा डबा होता.

"ऑर्विल, इकडे ये," ती म्हणाली. "काही लोकांना मैत्री कळत नाही." इथं तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण या चर्चला कळते. एकतीस घरांनी आपापले खण, कपाटं, पर्सा उलट्या केल्या. कोणी चार दिल्या, कोणी दहा. सगळ्या थ्री-एटी. दोनशे चौदा! प्रत्येकानं नावाची चिठ्ठीही टाकलीय. जा, आयोनच्या नावानं डबे पाड!"

टाळ्या पडल्या. पाद्रीसाहेबसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी होतं.

 काटा हातात तसाच राहिला. दोन महिने जे मी बिस्किटांमागं लपवत होतो, ते माझ्या बायकोनं फीत बांधून त्याच्या हातात ठेवलं होतं. आणि ते घडलं कशामुळं? माझ्याच बोंबलण्यामुळं. मी एकदा हळूच, एकट्यात नाही म्हटलं असतं, तर कोणाला कळलंही नसतं.

मी उठून डबा हिसकावला असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही हिसकावला. ऑर्विलनं डबा छातीशी धरला, सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि मी मान खाली घालून केक खाल्ला. आमच्याकडे चर्चमध्ये कोणी आवाज चढवत नाही. घराला आग लागली तरी आम्ही आधी माफ करा म्हणतो. मनात म्हटलं, बोललो तर याची अब्रू जाईल, मार्नाला शब्द दिलाय. सगळी सोंगं. चर्चमध्ये हसं होईल, बायको सर्वांसमोर झापेल, याचीच मला भीती वाटत होती. आजही ते आठवलं की स्वतःची किळस येते.

ऑर्विलनं कोट चढवला. निघताना त्यानं एकेकाचा हात हातात घेतला. पाद्रीसाहेबांचा तर दोन्ही हातांत. चाळीस वर्षांत ऑर्विलनं कोणाशी हात मिळवलेला मी पाहिला नव्हता. तो दारातून मान हलवायचा, बस. माझ्याजवळ मात्र तो आला नाही.

तो गेल्यावर भिंतीवरच्या घड्याळात मी बारा मिनिटं जाताना पाहिली. बारा! मग एकदम उठलो, खुर्ची मागं पडली.

"गाडीची किल्ली दे."

"केक तर संपव," डेलोरेस म्हणाली.

"किल्ली दे, डेलोरेस!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पोरं रडायला लागली. आवाज चढवायचाच होता, तर बारा मिनिटं आधी का नाही चढवला? सात मैलांचा तो रस्ता मी कसा कापला ते देवाला ठाऊक. दोनदा गाडी बर्फात घसरली. खिडकी उघडी ठेवून कान बाहेर लावला होता, वाऱ्यानं गाल सोलून निघाले. कानावर काही येऊ नये एवढंच मागत होतो.

दाराला कुलूप नव्हतं. मी तसाच आत घुसलो.

ऑर्विल स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. कोट अंगात तसाच. समोर गोळ्यांचे छोटे छोटे ढीग, प्रत्येक ढिगाखाली एक चिठ्ठी. साखरेच्या भांड्याशेजारी दोन्ही पिस्तुलं. आणि त्याच्या हातात पेन होतं.

"दार लाव," तो म्हणाला. "थंडी आत येतेय."

"काय करतोयस तू?"

"आभाराची पत्रं लिहितोय. एकतीस आहेत, चार झाली. आयोन असती तर आजच्या आज टपालपेटीत टाकायला लावली असती."

आमच्याकडे कोणी काही दिलं, साधी मुरंब्याची बाटली दिली, तरी हातानं लिहून पत्र पाठवतात. न पाठवणाऱ्याला लोक विसरत नाहीत. आयोनचा पत्रांचा खोका टेबलावर उघडा होता. वर निळ्या फुलांची कार्डं.

"आणि पत्रं झाल्यावर?" मी विचारलं.

त्यानं पेनचं टोपण लावलं. मला माहीत होतं, तरी तो नाही म्हणेल अशी आशा होती. म्हणाला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो.

"ऑर्विल, तू मरू नकोस," मी म्हणालो. इतकं सरळ वाक्य मी जन्मात कोणाला बोललो नव्हतो. "ऐकलंस का गाढवा? मला चालणार नाही."

"मार्नानं सांगितलं ना तुला?"

"नोव्हेंबरात."

"वाटलंच. निळे डबे दिसायचे मला, बिस्किटांच्या मागं. मोतीबिंदू काढलाय माझा, मर्ल."

"मग बिस्मार्कला का नाही गेलास?"

"जाणारच होतो. दर गुरुवारी गाडीत बसायचो. म्हणायचो, आधी मर्लकडे बघू. तू लालेलाल होऊन नाही म्हणायचास. घरी येऊन वाटायचं, हा एवढा बोंबलतोय, तर राहू या अजून एक आठवडा." तो थांबला. "आज तू गप्प बसलास."

"भ्यालो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"मला वाटलं, तूही कंटाळलास. घरी आलो तो आधी तुझी चिठ्ठी शोधली. म्हटलं, मर्लनंही दिल्या असतील तर सगळ्यांचं ठरलं, आता काय राहिलं. दोनदा शोधली. नव्हती. मग काय करावं सुचेना, म्हणून पत्रं काढली."

मी हात पुढे केला. "दे. दोन्ही."

"आयोनचंही?"

"आयोनचंही. मार्नाकडे ठेवू. ती जपून ठेवेल."

 मग आयोनचं पिस्तूल त्यानं भांडी पुसायच्या स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. स्वतःचं नुसतंच सरकवलं. दोन्ही रिकामी होती. मी ती कोटात घातली, गोळ्या डब्यात भरल्या, आणि भिंतीवरचा फोन त्याच्यापुढे धरला. मार्नाचा नंबर त्यानं स्वतः फिरवला. "मी आहे गं," म्हणाला, आणि पुढं त्याला बोलता येईना. पलीकडून मार्नाचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. ती लगेच निघतेय म्हणत होती.

मी टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करू लागलो. नको ते पुन्हा कोणाच्या नजरेस पडायला. त्यात बायकोचं अक्षर दिसलं, तिच्या पर्सच्या पिस्तुलातल्या सहा गोळ्यांखाली होती ती चिठ्ठी. मी ती उचलली आणि वाचली.

'डेलोरेस.' एवढंच.

एक्केचाळीस वर्षांत माझ्या बायकोनं एकटीचं नाव कुठं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. लग्नाचं पाकीट असो, मयताची फुलं असोत, शेजाऱ्याला दिलेला केक असो, 'मर्ल आणि डेलोरेस'. मी घरात नसलो तरी तेच, आजारी असलो तरी तेच. तिचा हात आपोआप तसाच चालतो. याच एका चिठ्ठीवर तिनं माझं नाव टाकलं नव्हतं. माझी इतकी चीड आली होती तिला की माझं नाव लिहायला तिचा हात उठला नाही.

नेहमीसारखी तिनं दोघांची नावं लिहिली असती, तर दोनदा शोधणाऱ्या ऑर्विलला माझं नाव सापडलं असतं. मी भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसलो. ऑर्विलनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय रे, पांढरा का पडलास?" तो म्हणाला. "पाणी देऊ का?"

"दे," मी म्हणालो.