धामणीचा रांजण

मित्रांनो, सावली गावच्या गुणवंतरावांच्या धानाच्या कोठीत, ओल्या वाळूत कमरेपर्यंत पुरलेला एक जुना, खरवडलेला रांजण आहे. तो मी. रूपाने ओबडधोबड आहे, पण माझा तोरा विचारू नका. माझ्या पोटात एक जीव नांदतो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मूल गावच्या एका कुंभाराने मला घडवलं. माझं अंग छान पाझरायचं, म्हणून पाणी गार राहायचं. काही वर्षं मी या घराची तहान भागवली. मग कोठीत उंदीर माजले आणि पोती पोखरू लागले.

त्याच दिवसांत बिरजू गारुडी टोपल्या घेऊन दारात आला. गुणवंतरावांचा जीव डोलणाऱ्या नागावर जडला. गावात केवढा रुबाब होईल! त्यांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, कमरेवर हात ठेवले.

"फना पाहून उंदीर मरते का जी? अन् घरात लेकरं हायेत. ते धामन घ्या. तिले जहर नाई."

"बाईनं बरोबर निवडली," बिरजू म्हणाला. "पन घर ओल धरनारं पायजे. कोरड्यात हिची कात अडकते."

घरातल्या साऱ्या भांड्यांतून निवड झाली माझी! मला कोठीत वाळूत पुरलं. भोवतीची वाळू रोज शिंपायची, ओल माझ्या अंगातून आत यायची. तळाशी वाळका पाला, म्हणजे धामण चिखलात बसायला नको. सकाळ-सांजेला ती बंद कोठीत फिरायची आणि ऊन तापलं की गारव्याला माझ्याकडे परतायची. उंदरांना पळता भुई थोडी झाली.

मग वैशाखात घरच्या लेकीचं लग्न निघालं. व्याह्यांना दाखवायला गुणवंतरावांनी चांद्याहून तेलाचा रंग आणला. मला वाळूतून काढून कोठीच्या दाराशी ओट्यावर बसवलं, लालभडक रंगवलं आणि पोटावर पांढरा नाग काढला. बघायला गाव लोटलं. मी कसला फुगलो होतो!

पण आत धामण हलेना. तिची कात तुकड्यातुकड्यांनी फाटली आणि डोळ्यांवर कातीची पांढरी झिल्ली तशीच राहिली. ती चाचपडत भिंतीला डोकं आपटू लागली. माझा सारा डौल उतरला.

"डोये गेले तिचे," गुणवंतराव म्हणाले. "वऱ्हाड यायच्या आधी जंगलात सोडून देतो."

"आंधयी धामन जंगलात? मुंगूस सोडन का तिले?" सुगंधाबाईंनी अडवलं.

"मंग झिल्ली नखानं ओढून पाहू का?"

"हात नका लावू. डोया जाईन."

सुगंधाबाईंनी माझ्यावर लोटाभर पाणी ओतलं. पाणी घसरून खाली गेलं, अंगात थेंब मुरला नाही. त्यांना उमगलं, रंगाने ओलीची वाट बंद केली होती. विटेचा तुकडा घेऊन त्या रंग घासू लागल्या.

शेजारच्या रुखमाबाई धावत आल्या. "लग्नाघरी नागोबा खरवडून राह्यली? अशुभ होते ना वो!"

सुगंधाबाईंचा हात थांबला. लेकीच्या लग्नाची गोष्ट होती. डोळ्यांत पाणी आलं, पण त्या म्हणाल्या, "चितरातला जगवू का आतली जगवू?" आणि पुन्हा घासू लागल्या.

गुणवंतरावही दुसरी वीट घेऊन खाली बसले. मित्रांनो, माझी सालटी निघत होती आणि मला इतकं बरं वाटत होतं! त्यांनी मला परत वाळूत पुरलं, वाळू भिजवली, आत पिळलेलं गोणपाट ठेवलं. धामण त्यावर अंग घासत राहिली. दोन दिवसांनी उरलेली कात सुटली, डोळ्यांवरच्या दोन चकत्यांसकट. लखलखीत डोळ्यांनी तिने वर पाहिलं आणि सुगंधाबाई मोठ्याने हसल्या.

वऱ्हाड आलं. कोठीत डोकावून व्याह्यांनी नाक मुरडलं. "असं खरवडलेलं रांजन काऊन ठेवलं जी?"

मी अंग चोरून घेतलं. गुणवंतरावांनी मात्र माझ्या काठावर हात ठेवला.

"ते आमच्या शोभेचं नाई, पाव्हने. तिचं घर हाये."

मित्रांनो, सापाला हात घालणं जाणत्यांचं काम, ते त्यांच्यावरच सोडा. पण कुठलाही जीव पाळाल तेव्हा त्याच्या घरावर रंग देण्याआधी विचारा, हा रंग कोणासाठी?