चाकांना सुतळी

तीन चाकं, एक आडवा दांडा आणि अंगात भरपूर मिजास, असा मी एक जुना पांगुळगाडा आहे, मित्रांनो. मला एका सुतार आजोबांनी घडवलं, स्वतःच्या नातीसाठी. नात, म्हणजे चिमी, दीड वर्षाची झाली तरी पाऊल टाकत नव्हती. "हिचा बापही उशिराच चालला," असं म्हणत आजोबांनी माझ्या चाकांना इतकं तेल पाजलं, की नुसतं बोट लावलं तरी मी पळे. त्यांना त्याचं कोण कौतुक!

तिथेच घात झाला. चिमीने दांडा धरला, मी सुसाट सुटलो आणि ती तोंडावर आपटली. हनुवटीतून रक्त आलं. तेव्हापासून मी नुसता दिसलो तरी ती किंचाळायची. आईने तिला जे कडेवर घेतलं, ते खाली ठेवायलाच तयार होईना. ही कधीच चालली नाही तर? घरात हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या जिवाला तोच घोर होता. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो.

शेवटी आईने तिला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंना घरी पाठवलं. चिमीचे पाय हलवून पाहत ताई म्हणाल्या, "स्नायू जरा सैल आहेत, व्यायामाने जोर येईल. पण हिला कडेवरून उतरवा. मोजे काढा, जमिनीवर खेळू द्या." मग मला बोटाने ढकलून पाहत म्हणाल्या, "आणि आजोबा, हा गाडा फार पळतो हो!"

आजोबांचा चेहरा पडला. तरी त्यांनी माझ्या गुळगुळीत चाकांना सुतळी गुंडाळली आणि माझ्यावर एक वीट बांधली. माझी मिजास पार उतरली.

व्यायाम रोज चाले. चिमी खाट धरून उभी राहू लागली, पण माझ्याकडे पाठ करून. एका दुपारी मात्र ती रांगत आली आणि तिने दांडा धरला. मी करकरलो. तिचे ओठ थरथरले. आई धावली.

"थांब सूनबाई, हात लावू नकोस," आजोबा म्हणाले.

चिमीने ढकललं. मी जेमतेम हललो. तिने एक पाऊल टाकलं आणि बदकन खाली बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही रडणार!

ती रडली नाही. दांड्याला लोंबकळत उठली, मला एक चापट मारली आणि ओरडली, "चल!"

मी निमूटपणे चाललो, मित्रांनो, आणि माझ्यामागून ती.

आता चिमी एकटीच चालते, म्हणून मला माळ्यावर टाकलंय, त्याचं थोडं वाईट वाटतं. पण तुमच्या घरी असं बाळ असेल, तर त्याला वेळेवर डॉक्टरांना दाखवा आणि जमिनीवर सोडा. पडलं की लगेच उचलू नका. क्षणभर थांबा. कदाचित ते उठायच्याच बेतात असेल.